वाढीचा रकाना

शाळेचे कपडे शिवणाऱ्या बाईचं मुलाच्या आजच्या मापावर भागत नाही. माप मार्चमध्ये घ्यायचं, कपडे उन्हाळ्यात शिवायचे, मूल ते जूनच्या अखेरीस घालणार, आणि आईबापांची अपेक्षा अशी की पुढच्या परीक्षेपर्यंत तरी ते अंगाला यावेत. म्हणून माझ्या बायकोच्या मापवहीत उंची, छाती, कंबर, बाही यांच्यापुढे आणखी एक रकाना असे. त्याला ती 'वाढ' म्हणायची. हे मूल येत्या वर्षात किती इंच वाढेल, याचा तिचा अंदाज त्यात लिहिलेला असे. लिहिण्याचं काम माझं होतं.

मी यवतमाळच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. रोज कळंबहून एसटीने जाणंयेणं. दर मार्चमध्ये मी दोन दिवसांची रजा काढत असे आणि गावातल्या एका खाजगी शाळेच्या व्हरांड्यात तिच्याशेजारी स्टूल टाकून बसत असे. मुलं रांगेने येत. ती टेप लावून आकडे सांगायची, मी लिहायचो. शेवटी ती मुलाकडे नुसती पाहायची. त्याची मनगटं बघायची, चपलेतले पाय बघायची, आई बरोबर आली असली तर आईलाही एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळायची.

"वाढ तीन," ती म्हणायची.

"तीन? एवढासा तर आहे."

"पंजे पाहा ना त्याचे. कुत्र्याच्या पिल्लाचे असतात तसे हायेत. तीन लिहा."

मी तीन लिहायचो. पुढच्या मार्चला तो मुलगा पुन्हा रांगेत आला की मी मागचं पान काढून पाहायचो, आणि बहुतेक वेळा तो तीनच इंच वाढलेला असायचा. यात तिला फार मोठं काही वाटत नसे. मला वाटे. पुस्तकांच्या कपाटांमध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाला हे कुठल्याच पुस्तकात सापडलं नसतं.

ही वाढ ती कापडात साठवून ठेवायची. ट्युनिकच्या खाली चार बोटं खोल दुमड, कडेला आत दाबलेलं जास्तीचं कापड. सहामाही झाली की आया येऊन दुमड उसवून घेत. जुन्या घडीची फिकट रेघ त्या कापडावर राहायची, आणि शाळेत मुलींच्या ट्युनिकवरच्या रेघा पाहून कोण किती वाढलं ते कळायचं.

त्या वर्षी मापं घेऊन आम्ही घरी आलो आणि आठवडाभरातच साथीमुळे शाळा बंद झाली. मग सगळंच बंद झालं. कापड तोवर दुकानात येऊन पडलं होतं. यवतमाळच्या व्यापाऱ्याकडून ती ते दरवर्षी होळीच्या आधीच उचलायची, म्हणजे रंग एकाच गठ्ठ्यातला मिळतो. निळं कापड ट्युनिक-पँटचं, चौकड्याचं शर्टांचं. एकशे सत्तर मुलांचं.

दुकान म्हणजे देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावरची एक खोली. तीन मशीन, एक कटाईचं टेबल. तिच्यासोबत दोघी जणी काम करत. एक काजंबटणं करणाऱ्या मावशी, साठीच्या आसपासच्या, तोंडाने तिखट. दुसरी मशीनवर बसायची, ती माझ्या बायकोच्याच वयाची, नवरा सोडून गेलेला, घरात दोन लेकरं. दोघींची घरं याच कामावर चालत. देवळासमोरची हारफुलांची, पेढ्यांची दुकानं बंद झाली, आमच्या शेजारचं वह्यापुस्तकांचं दुकान बंद झालं, त्या रस्त्यावर दुपारी नुसती कुत्री झोपलेली असत. किराणा आणि औषधं चालू होती. शिलाई कोणाच्या निकडीच्या यादीत नव्हती.

माझा पगार दर महिन्याला येत होता. हे मी मुद्दाम लिहितो आहे. घरात बसून मला पगार मिळत होता आणि ती घरात बसली की दोन घरांचं धान्य थांबत होतं. मी एकदा म्हणालो की त्या दोघींना आपण माझ्या पगारातून काही देत जाऊ. तिने दोन महिने दिलं. तिसऱ्या महिन्याला मशीनवाली पैसे परत घेऊन आली.

"ताई, मले काम द्या," ती म्हणाली. "असं घ्यायची सवय लागली तं मंग हात चालत नाईत."

तेव्हा थोडी ढील मिळाली होती, सकाळचे काही तास दुकान उघडता येई. माझ्या बायकोने ठरवलं की शाळा कधी का उघडेना, कपडे शिवून तयार ठेवायचे. जून नाही तर दिवाळी. मापं होती, कापड होतं. तिघी जणी अंतर ठेवून बसल्या आणि त्यांनी एकशे सत्तर मुलांचे कपडे शिवले. प्रत्येक जोडाला कागदाची चिठ्ठी टाचलेली, चिठ्ठीवर माझ्या अक्षरात नाव आणि वर्ग. आईबापांकडून तिने काही मागितलं नाही, कपडे हातात पडल्यावर द्या म्हणाली. म्हणजे आता सगळं त्या गठ्ठ्यांवर होतं. शाळा उघडली आणि ते कपडे त्या त्या मुलाच्या अंगावर गेले तर दुकान टिकणार होतं आणि त्या दोघींचं काम टिकणार होतं. नाही तर तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं.

मध्येच एका कचेरीतून एक गृहस्थ आले. त्यांना मास्क हवे होते, हजारांनी. चौकड्याचं उरलेलं कापड टेबलावर होतं, आणि शिवलेले शर्टही उसवता आले असते.

"कापा ना वो ताई," मावशी म्हणाल्या. "शाळा काय आता उघडते! मास्तरं मोबाइलमधीच घुसले."

"उरलेलं कापते. शर्ट नाई."

"काहून?"

"त्याच्यावर लेकरायची नावं हायेत."

उरलेल्या कापडात फार थोडे मास्क बसले. ते गृहस्थ दुसरीकडे गेले. त्या वेळी मला तिचं बरोबर वाटलं होतं, अभिमानही वाटला होता. आता मला खात्री नाही. ते काम मिळालं असतं तर दोघींचे तीन-चार महिने निघाले असते. मी बोललो असतो तर कदाचित तिने ऐकलं असतं, पण मी बोललो नाही.

दिवाळी गेली. वरच्या वर्गांची शाळा सुरू झाली म्हणता म्हणता आमच्या जिल्ह्यात पुन्हा सगळं बंद झालं, इतरांच्या आधी. दुसरा मार्च आला. त्या वर्षी मापं घ्यायला व्हरांडा नव्हता. तिने मापवही काढली आणि मला बसवलं.

"लिहा. आता दुसरी वाढ."

"मुलं समोर नाहीत."

"मले दिसतात."

आणि ती खरोखर एकेका नावावर डोळे मिटून बसायची. याला अडीच. हिला दोनच, हिची आई ठेंगणी आहे. याचा बाप उंच, तीन. तिच्या शब्दावर मी वाढीच्या रकान्यापुढे नवा रकाना आखून भरला. मग त्या तिघींनी गठ्ठे सोडून प्रत्येक ट्युनिकची, प्रत्येक पँटची दुमड उसवली आणि नव्या मापावर पुन्हा घातली. मला ठाऊक होतं की निम्मं तरी हे काम त्या दोघींना काम देण्यासाठी होतं. त्यांनाही ते ठाऊक असावं. मशीनवाली खाली मान घालून टीप मारत राहायची. मावशी मात्र गप्प राहत नसत.

"ताई, तुम्ही उंचीचं पाहून राह्यल्या. पोट्टे घरी बसून बसून पुढून फुगून राह्यले, त्याचं काय करता? माह्या नातवाले चड्डीचं बटन लागत नाई. पोट भरून जेवते अन् मंग चड्डी धरून चालते."

"कडेचं सोडू मंग."

"सोडा सोडा. ज्याच्या घरी हाय ते फुगलं, ज्याच्या घरी नाई ते..." मावशींनी दोऱ्याचं टोक दातांनी तोडलं आणि वाक्य तिथेच ठेवलं.

शाळा पूर्ण उघडली तेव्हा पहिलं माप घेऊन दोन वर्षं होत आली होती. आम्ही आयांना दुकानातच बोलावलं. मी स्टुलावर वही घेऊन बसलो, ती कपडे अंगाला लावून पाहत होती. सुरुवातीला बरं चाललं. पुष्कळांच्या उंचीचा अंदाज बरोबर निघाला होता. अंगावर मात्र मावशी म्हणाल्या तसं झालं होतं, कित्येकांच्या बगलेत शर्ट काचत होते, कडेचं सगळं कापड सोडूनही पुरत नव्हतं. आया कुरकुरत होत्या, हसतही होत्या. काही नावं पुकारली तरी कोणी आलं नाही. कोणी जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलं होतं, कोणी मामाच्या गावी. त्यांचे जोड आम्ही एका बाजूला ठेवत गेलो, आणि ती बाजू वाढत गेली.

दुपारी एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली. तिचा नवरा त्याच शाळेच्या मुलांची ने-आण करणारा ऑटोवाला. दोन वर्षं शाळा नाही म्हणजे ऑटोला भाडं नाही. त्याने काही दिवस ऑटोतून भाजी विकली, मग ऑटोच गेला, मग तो मिळेल त्या मजुरीवर जाऊ लागला, एवढं गावात सगळ्यांना माहीत होतं. मुलगी मापाच्या वेळी चौथीत होती, आता सहावीत. आमच्या वहीत तिची पहिली वाढ अडीच, दुसरी अडीच.

माझ्या बायकोने ट्युनिक तिच्या अंगावर घातला. तो पार पोटऱ्यांपर्यंत उतरला. खांद्यावरून घसरत होता.

रांगेतली एक मुलगी हसली. ऑटोवाल्याची बायको म्हणाली, "बाप्पा! हा तं लय ढगळा झाला वो ताई. साऱ्यायले लहान होऊन राह्यले अन् हिलेच मोठा?"

माझ्या बायकोने टेप घेतली. मुलीची उंची मोजली. मग माझ्याकडे पाहिलं. मी वहीतल्या पहिल्या आकड्यावर बोट ठेवलं. ती वाकली, पाहिलं, आणि पुन्हा मोजलं. दोन वर्षांपूर्वीच्या मापात आणि त्या दुपारच्या मापात बोटभराचा फरक होता. छातीत तोही नव्हता.

मी हे फार हळू लिहितो आहे, पण तिथे ते दोन-तीन श्वासांत झालं. त्या आईच्या तोंडावरचं हसू कमी व्हायला लागलं. ती एकदा ट्युनिककडे पाहत होती, एकदा रांगेतल्या बाकी मुलींकडे, ज्या हिच्याच वर्गातल्या होत्या आणि हिच्यापेक्षा डोक्याने उंच. तिच्या मनात हिशोब जुळत होता. आणखी क्षणभराने तो जुळला असता, सगळ्यांसमोर.

"थांबा थांबा," माझी बायको मोठ्याने म्हणाली. "माह्यंच चुकलं वो वहिनी. दुसऱ्याच पोरीचं माप हिच्या नावावर पडलं. पानं खालीवर झाली."

मी वही मिटली.

"म्हणलं ना!" ती बाई एकदम मोकळी होऊन म्हणाली. "म्हणलं, असं कसं! दोन वर्षं झाली, तुमच्याही ध्यानात कसं राहीन? का सरांनीच लिहिलं उलटसुलट?"

"सरांचंच काम असन," माझी बायको म्हणाली. "पुस्तकं वाचता वाचता लिहितात."

सगळ्या हसल्या. मीही हसलो. तिने तिथेच पिना लावल्या, मुलीला म्हणाली, "ये वं, इकडे फिर. दोन दिवसांत टिच्च करून देते तुले." मुलगी फिरली. तिच्या पाठीची हाडं ट्युनिकच्या कापडातून दिसत होती. मावशी काजं करायच्या थांबल्या होत्या.

तो ट्युनिक तिने स्वतः उसवला, स्वतः शिवला. जास्तीचं कापड कापलं नाही. नेहमीपेक्षा खोल दुमड आत ठेवली, सहा बोटांची. मी विचारलं, एवढी? ती म्हणाली, "लागन." पुढे ते कपडे द्यायला गेली तेव्हा बरोबर घरचे शेंगदाणे आणि गूळ घेऊन गेली, संक्रांत जवळ आहे म्हणून सांगितलं. संक्रांत होऊन गेली होती.

पुढचं मला नंतर हळूहळू समजत गेलं. ऑटोवाल्याच्या बायकोच्या मनात काही वाईट नव्हतं. तिने सहज शेजारी सांगितलं की ताईच्या वहीत मापं इकडची तिकडं झाली. ज्यांच्या मुलांना शर्ट काचत होते त्यांनी ते उचललं. म्हणूनच आमच्याही पोराला बसत नाही, त्याच्या अंगावर कोणाचा तरी दुसऱ्याचाच शर्ट आहे. दोघातिघींनी जोड परत आणून टाकले. एक गृहस्थ मला बसस्टँडवर भेटले तेव्हा म्हणाले, "सर, ग्रंथालयात तरी पुस्तकं जागेवर ठेवता ना?" त्यांना ती थट्टा वाटली.

पालकांची सभा झाली. त्यात कोणीतरी म्हणालं की आता बाहेरून तयार गणवेश मागवावेत, लहान-मध्यम-मोठा, ज्याला जो बसेल तो. मुख्याध्यापिकाबाई भल्या होत्या. त्यांनी आम्हाला बोलावून चहा दिला आणि मग सांगितलं.

"ताई, इतकी वर्षं तुमच्याबद्दल एक शब्द नव्हता. पण या वेळी तक्रारी खूप आल्या. मापं बदलली म्हणतात. दोन वर्षांचा काळच तसा होता, तुम्हाला दोष नाही देत मी. पण पुढच्या सत्रापासून रंगही बदलतोय."

मी बोलायला तोंड उघडलं. मापवही माझ्या पिशवीत होती. प्रत्येक पान जागेवर होतं, ते मी उघडून दाखवू शकलो असतो. तिने टेबलाखाली माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. जोरात नाही, नुसता ठेवला.

"बरोबर आहे मॅडम," ती म्हणाली. "वय झालं आता. होते गडबड."

ती तेव्हा एकावन्न वर्षांची होती.

जूनमध्ये दुकान घरमालकाला परत दिलं. न नेलेले जोड आधी वेगळे काढले, चिठ्ठ्या सोडल्या, आणि ती पंधरा दिवस आसपासच्या खेड्यांतल्या शाळांमध्ये ते वाटत फिरली. माझ्या सुट्टीच्या दिवशी मीही गाडीवर मागे गठ्ठा बांधून जायचो. मशीनवाली आपलं मशीन घेऊन पुसदला भावाकडे गेली, तिथे ती साड्यांना फॉल लावते. माझ्या बायकोने ते मशीन तिला दिलं तेव्हा ती नको नको म्हणत होती. मावशी घरीच राहिल्या. डोळे गेले म्हणाल्या, पण डोळे चांगले होते, मला त्या लांबूनच ओळखायच्या.

एक मशीन आम्ही घरी आणलं. त्यावर ती शेजारणींचे ब्लाउज शिवायची. मोठ्या बायकांचे. वाढीचा प्रश्न नाही, ती म्हणायची, आहे तेवढं मोजा आणि शिवा, यात काय मजा.

नंतरच्या वर्षी हिवाळ्यात ती आजारी पडली आणि थोड्याच दिवसांत गेली. तो आजार साथीचा नव्हता. साथ तोवर लोकांच्या बोलण्यातूनही गेली होती. तेरवीला आलेल्या बायकांपैकी एकीने माझं सांत्वन करताना म्हटलं, "लय गुणाची होती. शेवटी शेवटी मापात चुकत होती बिचारी, पण हात सोन्याचा." बोलणारीने ते प्रेमाने म्हटलं होतं. मी मान हलवली. ते वाक्य माझ्यात राहिलं आहे, आणि हे लिहिण्याचं कारणही तेच आहे. त्या मुलीचं नाव मी इथे लिहिलेलं नाही, शाळेचंही नाही. आपल्याबद्दल आहे हे त्या घरापर्यंत पोचू नये अशी माझी इच्छा आहे. पण पानं खालीवर झाली नव्हती, एवढं कुठेतरी लिहिलेलं असावं.

मुख्याध्यापिकाबाईंकडून परत येताना आम्ही चालत आलो होतो. ऊन होतं. निम्म्या रस्त्यात माझ्याने राहवलं नाही.

"एकदा वही दाखवली असती तर दुकान राहिलं असतं," मी म्हणालो. "त्या दोघींचं काम राहिलं असतं. त्यांचाही विचार करायला हवा होता तू."

"केला. मावशीले विचारलं मी परवा."

"काय म्हणाल्या?"

"शिव्या देल्ल्या मले. मंग म्हणाली, नोको दाखवू."

आम्ही थोडं चाललो. मी पुन्हा म्हणालो, निदान मॅडमना एकट्यांना सांगता आलं असतं, त्या कोणाला बोलल्या नसत्या.

"अन् सांगून काय सांगू?" ती म्हणाली. "माह्यं माप बरोबर होतं, पोरगीच चुकली?"

तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि सावलीच्या बाजूने चालू लागली. मी तिच्या मागे.